चेन-स्प्रॉकेट सेट बदलून आठ महिने झाले

गाडी 150 सीसीची, रोज धायरी ते हिंजवडी जाऊन-येऊन, शिवाय अधूनमधून सिंहगडाचा घाट. मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, चेन आणि ती ज्यांवर फिरते ती दोन दातेरी चाकं (स्प्रॉकेट), असा पूर्ण सेट बदलला. त्यानंतर 7,600 किलोमीटर झाले, म्हणून आता लिहितोय.

त्याआधीच्या वर्षी एका गॅरेजवाल्याने सांगितलं होतं, "स्प्रॉकेट चांगलं आहे, नुसती चेन टाकू." मी ऐकलं आणि फसलो. झिजलेल्या दातांवर नवी चेन नीट बसत नाही, ती त्या दातांसारखीच लवकर झिजते. पाच महिन्यांत पुन्हा खडखड सुरू. दर पंधरा दिवसांनी चेन ताणायची आणि पुन्हा ढिली. शेवटी स्वतः मोजली. 428 नंबरच्या चेनमध्ये दोन पिनांमधलं अंतर 12.7 मिमी, म्हणजे 20 कड्यांचे 254 मिमी व्हायला हवेत. माझे 260 भरले! चेन लांबते म्हणजे लोखंड ताणलं जात नाही, प्रत्येक पिन आणि तिच्याभोवतीची नळी (बुश) घासून बारीक फट पडते आणि शंभरेक कड्यांची फट मिळून एवढी होते. मागच्या स्प्रॉकेटचे दातही एका बाजूला कलून हुकासारखे झाले होते.

या वेळी नाना पेठेतून कंपनीचा सेट आणला: चेन, पुढचं छोटं स्प्रॉकेट, मागचं मोठं. दुकानदाराने मागचं दोन दात कमी असलेलं सुचवलं होतं, ॲव्हरेज वाढेल म्हणून. नाही घेतलं. दात कमी केले की हायवेला इंजिन शांत चालतं खरं, पण डबलसीट घाट चढताना ओढ कमी पडते आणि सारखा खालचा गिअर टाकावा लागतो.

चाक उघडलंच होतं म्हणून हबमधले (चाकाच्या मधल्या भागातले) झटका शोषणारे रबरही बदलले. हा खर्च अजिबात टाळू नका. ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिला की जो खटका बसायचा तो मी चेनचाच समजत होतो, तो रबरांचा होता. ट्रॅफिकमध्ये गाडी आता इतकी मऊ चालते की पहिल्या दिवशी नवले पुलापर्यंत जाऊन उगाच परत आलो.

चेन लॉकची (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची) पत्ती बसवताना समोर उभा राहिलो. पत्तीचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं. गॅरेजमधल्या पोराने उलटी लावली होती, सांगितल्यावर लगेच फिरवली.

पहिल्या 500 किलोमीटरला चेन थोडी ढिली झाली, ते होतंच. नंतर आठ महिन्यांत फक्त दोनदा ताणली. ढिलाई (चेन मध्यावर वर-खाली हलते ते अंतर) मॅन्युअलप्रमाणे 25 ते 35 मिमी ठेवतो, पण चाक फिरवून चेन सगळ्यात घट्ट जिथे येते तिथे मोजतो. सैल जागी मोजून ताणली तर घट्ट जागी बेअरिंगवर भार येतो.

तक्रार एकच, आणि ती माझ्याच हलगर्जीपणाची. ऑगस्टच्या सततच्या पावसात तीन आठवडे ऑइल दिलं नाही. तीन कड्या गंजून ताठ झाल्या, हाताने वाकवल्या तरी सरळ होईनात. केरोसीन आणि ब्रशने साफ करून 90 नंबरचं गिअर ऑइल दिलं, त्यातल्या दोन मोकळ्या झाल्या, एक अजून किंचित अडते. आता पावसात दर रविवारी, एरवी 500 किलोमीटरला ऑइल देतो. संध्याकाळी घरी आल्यावर, चेन कोमट असताना, खालच्या पट्ट्याला आतल्या बाजूने. रात्रभर मुरतं, सकाळी फडक्याने पुसून घेतो, नाहीतर सगळं रिमवर उडतं.

गेल्या रविवारी मागच्या स्प्रॉकेटच्या पाठीमागून चेन बोटांनी ओढून पाहिली. जुनी निम्मा दात उघडा पडेपर्यंत सुटायची, ही जागची हललीच नाही. चेन ताणायच्या ॲडजस्टरवर अजून चार खुणा शिल्लक आहेत.