पणजी-जुनें गोवें-फोंडा-म्हापसा 'सर्वधर्म' टूर : गाडी मस्त, गाईड मनमिळाऊ, पण मुख्य मुद्दाच पटला नाही (५ पैकी ३)

मामी आणि तिच्या मैत्रिणी कोल्हापूरहून आल्या होत्या, त्यांना बीच वगैरे काही नको होतं, देवळं आणि इगर्जी (चर्च) बघायच्या होत्या, म्हणून ही एक दिवसाची टूर बुक केली. कंपनीचं नाव टाकत नाही कारण माझा मुद्दा त्या एका कंपनीपुरता नाहीये, अशा टूर्स आता बऱ्याच निघतात आणि गाईडचं बोलणं सगळीकडे साधारण तेच असतं.

आधी सोयीचं सांगते. गाडी स्वच्छ, एसी चालू, ड्रायव्हर काका वयस्कर आणि अगदी सावकाश चालवणारे, मामीला गाडी लागते तर दोनदा स्वतःहून थांबले. दुपारी फोंड्यात शाकाहारी थाळी दिली, खतखतं चांगलं होतं, सोलकढी पातळ. पाण्याच्या बाटल्या दिल्या. यात काहीच तक्रार नाही, पैसे वसूल.

आता गाईड. पोरगा तरुण, मराठी छान, म्हाताऱ्या माणसांना हात धरून पायऱ्या चढवतो. पण सकाळी गाडीत बसल्यापासून त्याचं एकच चालू, सगळे धर्म सारखेच, सगळे एकच शिकवतात, नद्या वेगळ्या पण समुद्र एकच. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चला तेच, मंगेशीच्या देवळात तेच, फोंड्याच्या साफा मशिदीत तेच. ऐकायला बरं वाटतं आणि आजच्या दिवसांत कुणी असं बोलतोय म्हणून आधी मलाही बरंच वाटलं. पण दिवसभर त्याच जागा डोळ्यांनी बघताना मला जाणवत गेलं की हे वाक्य त्या जागांना लागूच पडत नाही, आणि ते लागू पाडायचं म्हणून तो अर्धा इतिहास गाळत होता.

मंगेशीला मामीने सरळ विचारलं, देव मूळचा कुठला? तो म्हणाला कुठ्ठाळीचा, १५६० ला इथे आणला. मामी म्हणाली, का आणला? तर म्हणे जुन्या गोष्टी कशाला मावशी, आता सगळे गुण्यागोविंदाने राहतात, चला फोटो काढूया. मामी गप्प बसली पण तिचा चेहरा पडला. अरे बाबा, ती काही भांडण काढत नव्हती, तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं!

आणि हीच तर टूरमधली सगळ्यात भारी गोष्ट होती जी त्याने सांगितलीच नाही. १५६० साल बघा. त्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं. त्याच वर्षी मंगेशाचं लिंग कुठ्ठाळीहून जुवारी नदी ओलांडून प्रियोळला, म्हणजे आत्ताच्या मंगेशीला, नेलं. आणि ज्या फोंड्याच्या आसऱ्याला देव आले तो फोंडा तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता, विजापूरच्या आदिलशाहीकडे होता, आणि त्या अली आदिलशहाने बांधलेली साफा मशीदसुद्धा १५६० चीच. म्हणजे ख्रिस्ती राजाच्या मुलखातून पळवावा लागलेला हिंदू देव मुसलमान बादशहाच्या मुलखात वाचला. आदिलशाही काही संतांचं राज्य होतं असं मी म्हणत नाही, राजकारण होतंच. पण एकाच वर्षी, एका नदीच्या दोन काठांवर, धर्माच्या नावाने राज्य करणारे दोघे जण वेगळे वागले, तर ते सारखे कसे? जुनें गोवें, मंगेशी आणि मशीद ही तिन्ही ठिकाणं टूरमध्ये आहेत आणि ती जोडून कुणी सांगत नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

जुन्या गोव्यातही तसंच. गोंयच्या सायबापुढे, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरपुढे, सगळ्या धर्माचे लोक रांगेत उभे राहतात हे त्याने सांगितलं, ते खरंच आहे, माझी आजीसुद्धा जायची. पण याच झेवियरने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इथे इन्क्विझिशन मागितलं होतं हेही खरं आहे. ते पुढे मधली तीन-चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं आणि त्यात जास्त भरडले गेले ते नवे ख्रिस्तीच, म्हणजे आपलेच शेजारी, घरी जुन्या रिती ठेवल्या म्हणून. १७३६ च्या हुकूमनाम्यात तर लग्नातल्या ओव्या, दारातली तुळस, एवढंच काय बिनमिठाचा भात शिजवण्यावरसुद्धा बंदी होती, कारण हिंदू मीठ नंतर घालतात. भाताच्या टोपापर्यंत पोचलेला धर्म आणि आजारी माणसाला दवाखाना काढून देणारा धर्म, दोन्ही एकाच क्रुसाखाली. मी स्वतः पाद्र्यांच्या शाळेत शिकले, मला तिथे कुणी धर्म बदल म्हणालं नाही, उलट पावसात शाळेत अडकलो तर सिस्टर चहा द्यायच्या. मग 'ख्रिस्ती धर्म समाजाला उपयोगी आहे का' याचं एका शब्दात उत्तर मी काय देऊ? कुठल्या काळात, कुणाच्या हातात, हे विचारावंच लागेल ना.

आपल्याकडचंही झाकू नये. मंगेशीला गाईडने लतादीदींचं गाव म्हणून हात केला, सगळ्यांनी फोटो काढले. दीनानाथांची आई येसूबाई देवळाच्या सेवेतल्या कलावंत होत्या हे एका शब्दाने नाही. या देवळांनी किती मोठं गाणं दिलं! आणि त्याच देवळांनी त्या बायकांना लग्नाचा हक्क आणि मुलांना बापाचं नाव नाकारलं. अजूनही महाजनकी, म्हणजे देवळाचा कारभार, ठराविक घराण्यांकडे, वंशपरंपरेने. आणि इगर्जीत जात नाही म्हणावं तर कोंफ्रारियांमध्ये (चर्चच्या मंडळांमध्ये) कुठली जात कुठल्या रंगाची ओपमूस (विधीतला झगा) घालणार यावरून भांडणं झालेली जुन्या लोकांना विचारा. तेव्हा कुणी एकच धर्म वाईट नि बाकी चांगले असंही माझं म्हणणं नाही, गैरसमज नको.

म्हार्दोळची घंटा मला सगळ्यात आवडली. महालसेच्या देवळात मोठी घंटा, आत लोलकच नाही. साक्ष द्यायची असेल तेव्हाच लोलक बांधून वाजवायची आणि खोटं बोलेल तो मरेल अशी श्रद्धा, पोर्तुगीज काळात कोर्टसुद्धा ती साक्ष मानायचं असं सांगतात. मी खाली उभी राहून वर बघत होते, रिकामी पोकळी, कडेला पितळ झिजून गुळगुळीत झालेलं. इथे गाईडला बोलायला किती होतं! कारण उपयोगी असणं आणि खरं असणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तो दिवसभर दोन्ही एकात मिसळत होता. घंटेच्या भीतीने लोक खरं बोलत असतील तर गावाला उपयोग झाला, झालाच. पण त्यावरून खोटं बोलणारा मरतो हे सिद्ध होत नाही.

आणि खरेपणाचं म्हणाल तर सकाळी आपण जिथे उभे होतो तिथे येशू क्रुसावर मेला आणि उठला हा त्या अख्ख्या धर्माचा पाया. दुपारी मशिदीत, तिथल्या कुराणाप्रमाणे ईसा पैगंबर आहेत पण त्यांना क्रुसावर मारलंच नाही. मधे मंगेशीला पुनर्जन्म, आणि बाकी दोघांकडे जन्म एकच. हे सगळं एकाच वेळी बरोबर असू शकत नाही. मशिदीत एक काका जिन्याजवळ बसले होते, त्यांना मी विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, बेटी आमच्या मते आमचा बरोबर, तुमच्या मते तुमचा, तळ्यात पाय सांभाळून उतरा, शेवाळ आहे. मला ते गाईडपेक्षा जास्त प्रामाणिक वाटलं. आपला धर्म खरा मानणाऱ्याला 'तुझा नि माझा एकच रे' म्हणणं म्हणजे त्याचं म्हणणं ऐकूनच न घेणं.

गाईडने विवेकानंदांचंही नाव घेतलं, सर्व धर्म खरे असं ते शिकागोला म्हणाले म्हणून. १८९३ ला म्हणाले, हो. पण त्याच्या आदल्या वर्षी ते इथे मडगावला येऊन राहिले आणि राशोलच्या सेमिनारीत (पाद्री घडवणाऱ्या शाळेत) जाऊन ख्रिस्ती ग्रंथ वाचत बसले होते. म्हणजे आधी वाचलं मग बोलले, आणि स्वतःच्या धर्मातल्या शिवाशिवीवर तर त्यांनी कडक टीका केली. राशोल टूरमध्ये नाहीच!

मला विचाराल तर समान पाहिजे ती माणसं, कायद्यापुढे. गोव्यात १८७० पासून पोर्तुगीज सिव्हिल कोड आहे, लग्न सगळ्यांनी रजिस्टर करायचं, मुलीला वाटा, नवराबायकोची मिळकत अर्धी अर्धी, मुसलमानालाही दुसरी बायको नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने कौतुक केलं. त्यातही १८८० च्या हुकुमात हिंदू पुरुषाला, बायकोला पंचविशीपर्यंत मूल नाही किंवा तिशीपर्यंत मुलगा नाही तर दुसरं लग्न करायची सवलत ठेवलेली, म्हणजे तिथेही धर्माच्या आडून बाईवरच. धर्म कुठलाही असो, बाईला, खालच्या मानलेल्या जातीला आणि सोडून जाणाऱ्याला तो कसा वागवतो, यावर मी तरी त्याला जोखणार. या कसोटीवर सगळे सगळ्या काळात सारखे उतरत नाहीत आणि हे म्हटल्याने कुणाचा अपमान होत नाही.

शेवटचा थांबा म्हापशाची मिलाग्रिस सायबीण, म्हणजे मारियामातेचं चर्च, आणि इथे मात्र टूर जमली. शिरगावची लईराई देवी आणि ही सायबीण बहिणी, सात बहिणींची ती गोष्ट गाईडने मन लावून सांगितली. हिंदू बायका तेलाच्या बाटल्या घेऊन रांगेत होत्या, शेजारी ख्रिस्ती बाई मेणबत्ती घेऊन, दोघी मिरच्यांच्या भावावर बोलत होत्या. त्यांनी एकमेकींचा धर्म खरा की खोटा हे ठरवलेलं नव्हतं, त्यांना त्याची गरजही नव्हती. मामी तिथे बराच वेळ उभी राहिली.

कंपनीच्या फीडबॅक फॉर्मवर मी लिहिलंय की राशोल घ्या आणि जमलं तर कुंकळ्ळी घ्या, जिथे १५८३ ला पाच जेझुइट धर्मप्रचारक मारले गेले, मग पोर्तुगीजांनी गावकऱ्यांचे पुढारी असोळणा गावी बोलावून मारले, आणि तरीही आज शांतादुर्गेच्या छत्र्यांच्या मिरवणुकीत बारा वांगडांत (कुळांत) ख्रिस्ती गावकरांचा मान आहे. आणि गाईडला मोकळेपणाने बोलू द्या, लोक तेवढे समंजस आहेत.

बुक करायची असेल तर : म्हाताऱ्यांना झेपते, मशिदीच्या तळ्याच्या पायऱ्या मात्र निसरड्या. देवळांत कपड्यांचे नियम आहेत, शॉर्ट्स नको. सोमवार टाळा, मंगेशीला पालखीमुळे गर्दी असते आणि दर्शन घाईत होतं. शाळेची मुलं नेणार असाल तर सोबत इतिहासाचा एखादा शिक्षक घेऊन जा.