मस्जिद बंदरचा डोलोमाईट: माल चांगला, पण चाळून बघूनच घ्या

गावी लांज्याकडे काजूच्या ओळींमध्ये गवत लावलंय, दादाच्या म्हशींसाठी, गिनी गवत आणि अधेमधे चवळी. माती तपासली तर सामू (pH) ५.१, म्हणजे चांगलीच आंबट. जांभ्याची जमीन, वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस, कॅल्शियम मॅग्नेशियम धुऊनच जाणार ना! आंबटपणा कमी करायला डोलोमाईट, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमवाल्या चुनखडीसारख्या दगडाची पूड, टाकायचं ठरवलं. गावाकडे ऐन वेळी ते मिळेना म्हणून इथूनच, मुंबईत मस्जिद बंदरला केमिकलवाल्यांच्या गल्लीतल्या एका दुकानातून गोण्या उचलल्या. दुकानाचं नाव टाकत नाही, कारण तक्रार पण आहे.

शेठ माणूस बोलायला बरा. कळीचा चुना मागणाऱ्या दुसऱ्या गिऱ्हाईकाला त्याने स्वतःहून अडवलं, म्हणाला पाणी लागलं की उकळतो, गवत भाजेल. बरोबरच आहे, जोर त्यात जास्त असतो पण जिथे गुरं चरतात तिथे तो नकोच. पण मग मलाच म्हणतो, सोबत जिप्सम पण न्या, आंबटपणा लवकर जाईल. अहो शेठ, जिप्समने कॅल्शियम मिळतं, खालच्या थरात उतरतं पण, सामू नाही वाढत त्याने! विकायचं म्हणून काहीही.

आता मुख्य गोष्ट, बारीकपणा. गोणीवर मेश (किती बारीक चाळणीतून काढलाय तो आकडा, जास्त तितका बारीक) छापलेलाच नाही. मूठभर माल घरी आणून बायकोच्या मैद्याच्या चाळणीतून काढला (तिची बोलणी खाल्ली ते वेगळं) तर चाळणीत चांगला रव्यासारखा चुरा उरला. व्हिनेगर टाकल्यावर हळूहळू बुडबुडे आले म्हणजे माल खरा होता, फक्त जाडा. नांगरून मिसळायची जमीन असती तर एकवेळ चाललं असतं, पण काजूची अन्न घेणारी मुळं वरच्या थरातच असतात, तिथे नांगर कसा घालणार, सगळं वरूनच फेकायचं, आणि हा दगडाचा चुरा पाण्यात सहज विरघळत नाही, खाली उतरायला वर्षं घेतो, जाडा असेल तर नुसता पडून राहतो. फोनवर जरा आवाज चढवला तेव्हा दुसऱ्या लॉटचा माल बदलून दिला, तो मस्त, बोटाला पावडरसारखा लागतो. हातगाडीची हमाली मात्र दोन्ही वेळा माझ्याच माथी. त्यात गावापर्यंतचा टेम्पो धरला तर भाडंच मालापेक्षा जास्त, तेव्हा दोनचार गोण्यांसाठी हा उद्योग करू नका, शेजारपाजाऱ्यांची ऑर्डर एकत्र करा.

मे महिन्यात फेकला, पाऊस लागून पानं धुतली जाईपर्यंत म्हशी तिकडे सोडल्या नाहीत. न नांगरता वरून द्यायचा तर एका वेळी एकरी टनाच्या वर जाऊ नये म्हणतात, आम्ही त्याच्या बरंच खाली राहिलो. युरिया किंवा ताजं शेण त्याच दिवशी टाकू नका, अमोनिया उडून जातो, म्हणजे पैसे हवेत.

गिनीत पहिल्या पावसाळ्यात डोळ्यांना दिसेल असा फरक नाही. चवळीत आहे. मुद्दाम एक पट्टा कोरा ठेवला होता, तिथली रोपं उपटली तर मुळांवर गाठी बारीक आणि फिक्या, डोलोमाईटच्या पट्ट्यातल्या गाठी नखाने फोडल्या की आत गुलाबी, म्हणजे नत्र धरायचं काम चालू आहे. सामू साडेपाचच्या खाली असला की मातीतलं अॅल्युमिनियम सुटतं आणि मुळांना त्रास देतं, स्फुरद (फॉस्फरस) पण अडकून बसतं, चवळीसारख्या द्विदल पिकांना ते आधी सोसत नाही. काजूच्या झाडांत काहीच फरक नाही, आणि अपेक्षा पण नव्हती, काजू आंबट जमिनीत तसाही तगतो. त्यामुळे काजूच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यांत ओतत बसू नका, मधल्या वैरणीच्या पट्ट्यातच टाका.

मालाला पाचपैकी चार, दुकानाला अडीच. जाणार असाल तर १०० मेशचाच मागा, बिलावर तसं लिहून घ्या, आणि गाडीत चढवायच्या आधी एक गोणी तिथेच उघडायला लावा, शेठ कुरकुरतो पण उघडतो.