धूळ झटकण्याचे ४,८०० रुपये

मी घरी बसून काही लहान दुकानदारांचे हिशेब ठेवतो आणि त्यांची जीएसटी विवरणपत्रे भरतो. गेल्या एप्रिलमध्ये माझा डेस्कटॉप मध्येच बंद पडू लागला. सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटे तो नीट चाले, मग पंख्याचा आवाज चढत जाई आणि कोणतीही सूचना न देता पडदा काळा होई. लगेच पुन्हा सुरू केला तर दोन मिनिटांतच बंद. अर्धा तास विसावा दिला की पुन्हा वीस मिनिटे सुरळीत. आता विचार केला तर या लक्षणातच सारे निदान होते, कारण बिघडलेला मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारी संगणकातली मुख्य पाटी, सहसा विसावा घेऊन बरा होत नाही. पण जीएसटीआर-३बी या मासिक विवरणपत्राची २० तारीख दोन दिवसांवर आली होती आणि मला विचार करायला सवड नव्हती.

घराजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात मी कॅबिनेट नेऊन दिले. संध्याकाळी फोन आला, "काका, बोर्ड गेलाय, नवीनच टाकावा लागेल." मजुरीसह ४,८०० रुपये सांगितले आणि मी होकार दिला. दुसऱ्या दिवशी संगणक घेताना जुना बोर्ड मागितला, तर तो 'बायबॅकमध्ये गेला' असे उत्तर मिळाले. पक्के बिल मागितल्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा पडेल, असे सांगण्यात आले. दुसऱ्यांचा जीएसटी भरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने तिथे हाताने लिहिलेली चिठ्ठी मुकाट्याने खिशात घातली, याची लाज मला आजही वाटते.

संगणक उत्तम चालू लागला. संशय आला तो भलत्याच ठिकाणी. प्रिंटरच्या सोयीसाठी मी राऊटरमध्ये या संगणकाच्या नावे एक ठरावीक आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कवरील क्रमांक) राखून ठेवला होता, आणि तो बोर्डावरील लॅनच्या, म्हणजे नेटवर्क जोडणीच्या, मॅक क्रमांकाशी (कारखान्यात मिळालेल्या ओळख क्रमांकाशी) जोडलेला होता. बोर्ड नवा असता तर हा क्रमांक बदलायला हवा होता, पण राऊटर त्याच जुन्या नावाने संगणकाला ओळखत होता. मग माळ्यावरून बोर्डाचे मूळ खोके काढले, कॅबिनेटची बाजूची पत्री उघडली आणि बोर्डावरील अनुक्रमांक खोक्याशी ताडून पाहिला. अंकन् अंक जुळला. वर ८ जीबी रॅमपैकी ४ जीबीची एक पट्टीही गायब होती. विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून रॅम पाहिली असती तर पहिल्याच दिवशी हे दिसले असते.

दुकानात प्रत्यक्षात काय झाले होते, ते हीटसिंककडे, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांच्या ठोकळ्याकडे, पाहून कळले. त्याची पाती लखलखीत होती आणि कडेने ताजी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप) बाहेर आली होती. माझे कॅबिनेट टेबलाखाली जमिनीवर असते आणि समोरच्या रस्त्याचे खोदकाम वर्षभर चालले होते. पंखा जी हवा ओढतो तिच्याबरोबर धूळ, कपड्यांचे तंतू, उदबत्तीची राख असे सगळे येते आणि पंखा व हीटसिंकची पाती यांच्यामध्ये त्याचा नमद्यासारखा थर बसतो. पंखा वरून बऱ्यापैकी स्वच्छ दिसतो. तो काढल्याशिवाय हा थर दिसत नाही, आणि म्हणूनच गिऱ्हाइकाला काहीही सांगता येते. हवा पलीकडे जाईनाशी झाली की प्रोसेसर तापतो. तापमान १०० अंशांच्या आसपास पोहोचले की तो आधी स्वतःचा वेग उतरवतो, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर जळण्यापूर्वी यंत्रच बंद करतो.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली, परंतु बोर्ड बदलल्याचा उल्लेखच नसलेली चिठ्ठी पुरावा म्हणून कितपत टिकणार? अनुक्रमांकांची छायाचित्रे घेऊन दुकानात गेलो, तेव्हा 'पोराकडून चूक झाली' म्हणत रॅमची पट्टी परत दिली. पैसे मिळाले नाहीत.

आता दर चार महिन्यांनी मी प्लग काढून, पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअर मारतो, कारण मोकळा सोडलेला पंखा त्या झोताने भरधाव फिरून खराब होऊ शकतो. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, मात्र उघडत नाही. वीज तोडल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागांत) विद्युतभार राहतो. कॅबिनेटच्या आतल्या बाजूस बोर्ड, रॅम आणि हार्ड डिस्क यांचे अनुक्रमांक लिहिलेला कागद चिकटवला आहे आणि त्याचे छायाचित्र मोबाइलमध्ये आहे. मागच्या महिन्यात शेजाऱ्यांचा संगणक असाच बंद पडू लागला, तेव्हा त्यांनी आधी मला हाक मारली. पंखा काढला, तर खाली बोटभर जाडीचा थर निघाला.