स्क्रिव्हनर : शिफ्ट संपल्यावर कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी

न्यूजरूममध्ये आठ तास सीएमएसवर (बातम्या साइटवर चढवायच्या यंत्रणेवर) हेडिंग, स्लग, पुश नोटिफिकेशन आणि लाइव्ह अपडेट करून झाल्यावर त्याच ब्राउझरमध्ये कादंबरीची फाइल उघडली, तर शेजारच्या टॅबमधली डेस्कची चॅट आधी खुणावते. स्क्रिव्हनर हे लेखनाचं सॉफ्टवेअर घ्यायचं सगळ्यात ठोस कारण हेच. ते ब्राउझरबाहेर, नेटशिवाय चालतं आणि काल ज्या ओळीवर थांबलात तिथेच उघडतं. हाताशी पस्तीस-चाळीस मिनिटंच असतात तेव्हा यातच निम्मं काम होतं.

लिटरेचर अँड लाटे या कंपनीचं हे सॉफ्टवेअर मॅकवर 2007 मध्ये आलं, विंडोजवर 2011 मध्ये. तिसरी आवृत्ती मॅकला 2017 मध्ये मिळाली, विंडोजला थेट 2021 मध्ये. लायसन्स एकदाच घ्यायचं, महिन्याचं भाडं नाही. मात्र मॅक, विंडोज आणि आयफोन-आयपॅड यांचं वेगवेगळं. अँड्रॉइडवर ॲप नाही. चाचणीचे 30 दिवस प्रत्यक्ष वापराचे धरतात. फक्त साप्ताहिक सुट्टीच्या दोन दिवशी उघडलंत तर पंधरा आठवडे पुरतील, म्हणजे घाईने खरेदी करायचं कारण नाही.

डाव्या बाजूच्या बाइंडरमध्ये (मजकुराच्या तुकड्यांच्या यादीत) प्रकरणं फोल्डर म्हणून आणि प्रसंग सुटे तुकडे म्हणून ठेवा. एक तुकडा 300 ते 800 शब्दांचा असावा. त्याहून मोठा केलात तर शिफ्टनंतर आधी वाचण्यातच वेळ जातो. उठण्यापूर्वी उजवीकडच्या नोट्सच्या चौकटीत पुढचं वाक्य किंवा पुढची हालचाल लिहून ठेवायची. डेस्कवर पुढच्या शिफ्टला हँडओव्हर देतो, तसाच हा स्वतःला दिलेला.

बातमीदाराच्या कथेत एक खोड हमखास दिसते. उलट्या पिरॅमिडची (सर्वात महत्त्वाचं आधी, तपशील नंतर) सवय असल्याने प्रसंगाच्या पहिल्याच वाक्यात सगळं सांगून टाकलेलं असतं : 'वडिलांनी घर विकल्याचं कळताच सुमन माहेरी आली.' बातमीचा इन्ट्रो म्हणून उत्तम, पण आता पुढे वाचायला उरलं काय? इथे कॉर्कबोर्डवरचं सिनॉप्सिस कार्ड, म्हणजे प्रसंगाचा सारांश लिहायचं कार्ड, कामी येतं. हे वाक्य जसंच्या तसं कार्डावर टाका. कोण, काय, कुठे, केव्हा, सगळं तिथेच. मग रिकाम्या पानावर सुमन दार उघडायला जाते आणि किल्ली लागत नाही, इथून सुरू करा. घर विकल्याचा उल्लेख पानभर केलाच नाही तरी चालतं, कारण तो कार्डावर सुरक्षित आहे. या एका सोयीसाठी आम्ही बाकीचे दोष माफ करू.

सेशन टार्गेटकडे (एका बैठकीत लिहायच्या शब्दांच्या आकड्याकडे) मात्र सावधपणे बघा. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं जोडून लिहितो, त्यामुळे 'घराबाहेरून' हा मोजणीत एकच शब्द. इंग्रजी लेखकांचा आकडा उचलून टार्गेट लावलंत तर ते जास्तच जड जाईल. आठवड्यातून चार बैठका, प्रत्येकी 300 शब्द, या हिशेबाने 60,000 शब्दांना 200 बैठका म्हणजे 50 आठवडे लागतात. डेडलाइन घालून लिहिण्याचे वार निवडले, तर रोजचा आकडा सॉफ्टवेअर काढून देतं. रात्रपाळीवाल्यांनी मोजणी मध्यरात्री शून्य होऊ देऊ नये; प्रोजेक्ट बंद केल्यावर शून्य करण्याचा पर्याय निवडावा. नाहीतर साडेअकराला बसून एकपर्यंत लिहिलेलं दोन दिवसांत विभागलं जातं.

कापाकापी करण्याआधी स्नॅपशॉट (मजकुराची आहे तशी जपलेली प्रत) घ्या : मॅकवर कमांड-5, विंडोजवर कंट्रोल-5. बातमीची कॉपी निर्दयपणे कापायची हाताला सवय असते, म्हणून हे जास्तच गरजेचं.

आता दुखणी. प्रोजेक्ट म्हणजे एक फाइल नव्हे, फोल्डर आहे. आत प्रत्येक तुकड्याची वेगळी आरटीएफ (मजकुराची फाइल) आणि बाइंडरचा क्रम सांभाळणारी एक स्क्रिव्एक्स फाइल असते. क्लाउडने यातलं अर्धंच वर चढवलेलं असताना दुसऱ्या मशीनवर प्रोजेक्ट उघडलात, तर काही तुकडे कोरे दिसतात, काही 'रिकव्हर्ड फाइल्स'मध्ये जाऊन पडतात. चालू प्रोजेक्ट गुगल ड्राइव्हवर ठेवू नका. ड्रॉपबॉक्सवर ठेवाल तर फोल्डर ऑफलाइन उपलब्ध करून घ्या, आणि एका मशीनवर बंद करून सिंक पूर्ण होईपर्यंत दुसरीकडे हात लावू नका. झिप बॅकअप मात्र कुठल्याही क्लाउडवर जाऊ द्या. किती बॅकअप राखायचे तो आकडा सेटिंगमध्ये जाऊन वाढवा.

आरटीएफमध्ये देवनागरी अक्षरं सांकेतिक आकड्यांत साठवलेली असू शकतात. फाइल नोटपॅडमध्ये उघडली आणि 'म'च्या जागी 2350 दिसलं, तर घाबरू नका. मजकूर शाबूत आहे. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधलं लेखन चिकटवल्यावर येणारी रोमन खिचडी ही वेगळी भानगड. ते आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करूनच आत आणा.

कम्पाइल, म्हणजे सगळे तुकडे जोडून एक फाइल काढणं, हा सर्वात डोकेदुखीचा भाग. तयार फॉरमॅटमधला फॉन्ट रोमन असतो, देवनागरी त्यात नसली की दुसराच फॉन्ट घुसतो आणि ओळींमधलं अंतर वर-खाली होतं. कम्पाइलच्या खिडकीत देवनागरी असलेला फॉन्ट स्वतः निवडा. डॉकएक्स (वर्डची फाइल) काढल्यावर वर्डमध्ये 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'चा फॉन्ट आणि आकार तपासा, कारण वर्ड देवनागरीसाठी तो वेगळा धरतं. ही कसरत पहिल्या तीन प्रकरणांवर करून बघा, शेवटच्या रात्री नको.

रिसर्च फोल्डरमध्ये पीडीएफ, फोटो, वेबपानं सगळं मावतं, म्हणूनच मोह होतो. बातमीच्या कामातले स्रोतांचे नंबर आणि मुलाखतींच्या नोंदी तिथे टाकू नका. बॅकअपबरोबर त्याही क्लाउडवर जातील. तसंच प्रोजेक्ट ऑफिसच्या लॅपटॉपवर वा ऑफिसच्या खात्यावर ठेवायचं नाही. नोकरी सुटली की खातं बंद होतं, आणि कंपनीच्या यंत्रावर लिहिलेल्या मजकुरावर हक्क कोणाचा, हे करारात काय लिहिलंय त्यावर ठरतं.

बातम्यांसाठी हे घेऊ नका. तिथे दोघातिघांनी एकाच कॉपीवर काम करावं लागतं, ते इथे जमत नाही. संपादकाशी वर्डच्या ट्रॅक चेंजेसमधून (बदल खुणांसह दाखवणाऱ्या सोयीतून) देवाणघेवाण असेल, तर संपादनाच्या टप्प्याला स्क्रिव्हनर सोडून वर्डमध्येच यावं लागेल. कविता आणि हजार-दोन हजार शब्दांच्या कथांना साधा टेक्स्ट एडिटर पुरतो. वीस-पंचवीस प्रसंगांच्या पुढे गेलेलं काही हातात असेल तरच चाचणी सुरू करा.