माल्टाचा पांढरा क्रूस की पोर्तुगालचा लाल?

युरोपातल्या नाइट्सच्या एखाद्या ऑर्डरचा (सरदार-योद्ध्यांच्या संघाचा) जुना बिल्ला संग्रही हवा असं ठरलं, की निवड बहुधा दोघांत येऊन अडते. एक, अठराव्या शतकातला, माल्टा बेटावरच्या नाइट्सचा आठ टोकांचा क्रूस. दुसरा, त्याच काळातला पोर्तुगालच्या ऑर्डर ऑफ क्राइस्टचा. (गोल्डन फ्लीस ही आणखी एक नामांकित ऑर्डर मी सोडूनच दिली. तिची गळ्यातली साखळी नाइटच्या मृत्यूनंतर नियमानेच परत करावी लागते, आणि जडावाची उत्तम पदकं बहुतेक राजखजिन्यांतच आहेत.)

पहिल्या नजरेत माल्टा जिंकतो. सोन्यावर दुधासारखा पांढरा मिना, बेचक्यांत फुलं, वर मुकुट. १५३० ते १७९८, म्हणजे नेपोलियन येईपर्यंत, बेट या नाइट्सकडे होतं. ते युरोपभरच्या घराण्यांतले असल्यामुळे घडणावळीतही खूप विविधता सापडते.

मला अडवलं ते पांढऱ्या मिन्याने. टोकं बारीक, त्यामुळे दोन शतकांत टवके उडतातच. त्याचं मला काही नाही. पण ते टवके पुढे कोणीतरी राळेने भरून, घासून, चकचकीत करून ठेवतं. पांढऱ्यावर पांढरं, भिंगातूनही कळेलच असं नाही. अतिनील टॉर्चखाली राळ पुष्कळदा वेगळी चमकते, पण नव्याने भाजून भरलेला मिना मिन्यासारखाच दिसतो. मी हाताळलेल्या जवळजवळ प्रत्येक क्रूसाबाबत, यातलं मूळ किती, हा प्रश्न मनात राहिलाच. इतके पैसे मोजून तो प्रश्न रोज कपाटात ठेवायचा, हे मला जमेना.

ऑर्डर ऑफ क्राइस्ट राजा दिनिशने १३१९ मध्ये टेम्प्लर या जुन्या नाइट-संघाच्या मालमत्तेतून उभी केली. तिचा लाल क्रूस, आत पांढरा क्रूस. अठराव्या शतकातले बिल्ले बरेचदा चांदीत: लाल भागाला गार्नेट, पांढऱ्याला स्फटिक किंवा पोर्तुगालात ‘मिनाश नोवाश’ म्हणतात तो ब्राझीलचा बिनरंगी टोपाझ. खडे महागाचे नाहीत, पण एकमेकांना इतके खेटून बसवलेले असतात की कारागिराचं कौतुक वाटतं.

यालाही दुखणं आहे. कोंदण मागून बंद, खड्यामागे चमकीचा वर्ख; आत ओल गेली की वर्ख काळवंडतो आणि खडा मरतो. पण ते समोरून दिसतं. एखादा खडा बदललेला असला, तर शेजाऱ्यांच्या रांगेत तो सहसा लपत नाही. वय ठरवायलाही एक आधार आहे: राणी मारिया पहिलीने १७८९ मध्ये क्रूसावर येशूचं पवित्र हृदय जोडलं. मात्र जुन्या बिल्ल्याला हृदय नंतर लावलेलंही असू शकतं, म्हणून ते जिथे जोडलंय तो सांधा नीट बघा.

शिवाय हाच क्रूस शिडांवर मिरवत पोर्तुगीज जहाजं गोव्यात आली, आणि तिथल्या अधिकाऱ्यांनाही हा मान मिळत असे. मला त्याचं मोल वाटतं. प्रत्येकाला वाटेलच असं नाही.

मुंबई-कोकणात राहत असाल आणि पावसाळाभर हवाबंद डबी, सिलिका जेल वगैरे सांभाळायची तयारी नसेल, तर माल्टा घेतलेला बरा. तयारी असेल तर पोर्तुगीज बिल्ल्याकडे आधी वळा असं मी म्हणेन. त्याला पाण्याने धुवू नका, सोनाराच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात तर मुळीच घालू देऊ नका. आणि दोन्हींतलं काहीही घेताना पाठीचा फोटो मागून घ्या. विक्रेता तो द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा.