धोपावे ते तवसाळ: पुळणीवरून की सड्यावरून?

दाभोळची फेरीबोट धोपाव्याला उतरवते आणि तवसाळहून दुसरी जयगडला नेते; मधल्या गुहागर, वेळणेश्वर, हेदवी या पट्ट्यात पाठपिशव्या घेऊन चालणाऱ्या गटापुढे दोन वाटा असतात, खाली पुळण म्हणजे वाळूचा किनारा आणि वर सडा म्हणजे कातळाचे पठार; पण खुणांचा भरवसा दोहोंवर नाही.

पुळणीवर दिशा चुकत नाही, कारण दक्षिणेकडे जाताना समुद्र सतत उजव्या हाताला असतो. अडचण वेळेची आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, म्हणजे चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी नऊच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर कड्याखालचे खडक पूर्ण बुडतात. हेदवीची बामणघळ, म्हणजे समुद्राकाठच्या कातळातली अरुंद भेग, भरतीच्या वेळी पाहण्याजोगी असली, तरी तिच्या आसपासच्या कातळावर तेव्हा मुळीच चालू नये. गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा असतो, हे धरूनच हिशेब करावा.

सड्यावर भरतीची धास्ती नाही, मात्र जांभ्या कातळावर पाऊल उमटत नाही, गुरांच्या वाटा जागोजागी फुटतात आणि पुढचे-मागचे सहज वेगळे होतात. हिवाळा सरल्यावर तिथे पाणी व सावली दोन्ही दुर्मीळ.

नवख्यांच्या गटाला मी पुळणच सुचवीन. फक्त पुळणीच्या प्रत्येक टोकाशी खडकांवरून वळसा न घालता गावातल्या पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, वर चढावे आणि पलीकडच्या गावात उतरावे. पाखाडी कुठे सुटते, हे वाडीतल्या कोणालाही विचारता येते.