सेकंड हँड मोटरबोट घेण्याआधी मिस्त्रींकडून तपासून घेतली, त्यांच्या कामाचा रिव्ह्यू (5 पैकी 5)

आमचं घर सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमापासून चालत पाच मिनिटांवर. 2019 ला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलतं, धोक्याची पातळी तिथं 45 फूट आहे, म्हणजे आमच्या गल्लीत काय झालं असंल बघा. आम्ही माडीवर दीड दिवस बोटीची वाट बघत होतो, आजीच्या बीपीच्या गोळ्या संपलेल्या आणि खाली जिन्याच्या सातव्या पायरीला पाणी. त्याच महापुरात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली, तेव्हापासून घरात बोटीचं नाव काढलं की आई उठून आत जायची. 2021 ला परत पाणी आलं आणि त्यानंतर आईच म्हणाली, घ्यायची तर घरची बोट घ्या, पण जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय घेऊ नका. म्हणून हे सगळं.

मिस्त्री मूळचे मालवणकडचे, ओबीएमचंच, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून लावायच्या इंजिनांचंच काम करतात. एका दिवसाचे 3500 आणि जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. तात्या आधी म्हणाले एवढे पैसे नुसतं बघायला कशाला, आपण काय इंजिन बघितलं नाही का आयुष्यात. दुपारपर्यंत तात्याच त्यांच्या मागंमागं बॅटरी धरून फिरत होते.

पहिली बोट बामणोलीच्या बाजूला होती, कासवरून खाली उतरून गेलो. फायबरची, 16 फुटी, मागं 25 एचपीचं टू स्ट्रोक इंजिन, मालकानं 2 लाख 40 हजार सांगितले. दिसायला एक नंबर, निळा-पांढरा नवीन रंग, सीटं नवीन, आमच्या पोरीनं तर नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर बसून फोटो पण काढला. मिस्त्रींनी रंगाकडं बघितलंच नाही, आधी इंजिनच्या कव्हरखाली हात घातला आणि मालकाला विचारलं, सकाळी चालू केलतं का हो? इंजिन कोमट होतं. गार इंजिन पहिल्या झटक्याला कसं उठतंय ते बघायचं असतंय, आधीच गरम करून ठेवलं तर आजार दिसत नाही, म्हणून त्यांनी सरळ सांगितलं की गार झाल्यावरच चालू करायचं, तोपर्यंत आपण बाकीचं बघू.

बाकीचं म्हणजे बोटीचा तळ आणि मागची फळी, जिच्यावर इंजिन लटकतंय ती. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं त्यांनी इंचाइंचावर ठोकत आणलं. चांगल्या जागी टण टण कडक आवाज, आणि इंजिनच्या बोल्टांजवळ आल्यावर एकदम धप धप, भिजलेल्या पुठ्ठ्यावर ठोकल्यासारखा. तात्यांनी स्वतः ठोकून बघितलं, त्यांना पण कळलं. मग मिस्त्रींनी इंजिनचा खालचा भाग धरून वरखाली दाबला तर सगळी फळीच हलताना दिसली, आणि कोपऱ्यात रंगाखालून केसासारख्या बारीक चिरा. मालकाला विचारून खालचा एक स्क्रू काढला. तो पिळावा लागलाच नाही, दोन बोटांनी बाहेर आला, आट्यांना काळा ओला लाकडाचा भुसा चिकटलेला आणि भोकातून चहाच्या रंगाचं पाणी गळायला लागलं. फायबर वरून असतंय पण त्या फळीच्या आत प्लायवूड असतंय, बोल्टाच्या भोकातून पाणी शिरलं की ते वर्षानुवर्षं आतच कुजत बसतंय आणि वरून रंग मारला की कुणाला कळत नाही. मिस्त्री म्हणाले, पुराच्या धारेत फुल थ्रॉटल दिल्यावर ही फळी इंजिनसकट गेली तर मागून पाणी आत येईल, तुम्ही बोटीत कुणाला बसवणार आहात ते आठवा. मला आजीच आठवली.

तिथंच नाही म्हणायला हरकत नव्हती पण त्यांनी इंजिन पण पूर्ण बघितलं, पैसे घेतलेत तर काम पूर्ण करतो म्हणाले. ही बोट आधी कोकणात समुद्रावर चाललेली निघाली, गंज खायला जे जस्ताचे तुकडे खाली लावलेले असतात ते खडीसाखरेसारखे झिजलेले. खालचं गिअर ऑइल थोडं काढलं तर दुधाळ, म्हणजे सील गेलंय आणि आत पाणी जातंय. बोट ढकलणारा खालचा पंखा काढल्यावर शाफ्टला मासेमारीची तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा गुंडाळलेला, सील त्यानंच कापलं असणार. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, एका सिलिंडरला 120 आणि दुसऱ्याला 95, दोन्हीत दहा टक्क्यांच्या वर फरक नको असं त्यांचं म्हणणं. पिठलं-भाकरी खाऊन तीन तासांनी इंजिन चालू केलं तर अकराव्या झटक्याला उठलं.

मालकानं किंमत दीड लाखावर आणली, तात्यांचं मन जरा हललं, पण मी नाही म्हणलं.

तीन आठवड्यांनी तापोळ्याकडं दुसरी बघितली, मिस्त्रींना परत पैसे देऊन नेलं. ही दिसायला अगदीच जुनी, रंग उडालेला, सीट फाटलेलं, पण सगळीकडं टण टण, कायम शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या गोड्या पाण्यात चाललेली, कॉम्प्रेशन 118 आणि 115, गार असताना तिसऱ्या झटक्याला चालू. इंजिन गार ठेवून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार जरा बारीक होती, पाणी ओढणारा रबरी इंपेलर बदला म्हणाले, काम किरकोळ आहे. पंख्याच्या आतलं रबर पण तपासलं, ते सुटलं की इंजिन नुसतं ओरडतंय आणि बोट जागची हलत नाही. दोरी ओढली की इंजिन बंद होणारा किल स्विच चालत नव्हता, तो त्यांनी तिथंच साफ करून चालू केला, त्याचे वेगळे पैसे मागितले नाहीत.

कागदाचं एक नक्की करा. इंजिनवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर स्वतः वाचून जुळवा. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात इंजिनच्या बोटीला नोंदणी लागते, आपल्याकडं ती महाराष्ट्र मेरिटाईम बोर्डाकडं होते, त्यामुळं नावावर करून देणार का हे पैसे द्यायच्या आधीच विचारा. मिस्त्री कागदाच्या भानगडीत पडत नाहीत, ते तुम्हालाच बघावं लागंल. आणि फोन लवकर उचलत नाहीत, दोन-तीनदा करावा लागतोय, एवढी एकच तक्रार.

बोट 1 लाख 65 हजाराला पडली. निघताना मिस्त्रींनी आईला फोनवर स्वतः सांगितलं की सहा माणसं, सातवं नाही, आणि प्रत्येकाच्या अंगात लाईफ जॅकेट. आईनं ते खडूनं गोठ्याच्या दारावर लिहून ठेवलंय, बोट तिथंच आत ठेवलीय. नवीन इंपेलर आलाय, मृगाच्या आत बसवून संगमावर एक चक्कर मारायची आहे, आई येते म्हणालीय.